भट्टीच्या दारावरचा अंगठा

मिस्त्री, तुम्हाला माती देऊन आज सव्वीस दिवस झाले. कब्रस्तानात बायकांनी जायचं नसतं, म्हणून मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच उभी होते. जनाजा वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा शेजारी उभा असलेला ज्ञानोबा, आपला भट्टीवाला, उपरण्याने डोळे पुसत म्हणाला, "मानूस सोन्यासारखा होता ताई. एकदाच चुकला." आणि मी मान डोलावली. तुम्ही गेल्याचं दुःख आहेच, पण त्या दिवसापासून मला जास्त काय सलत असेल तर ती डोलावलेली मान.

कारखान्यात शेठनी सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. तुम्ही कष्टाळू होता, मनमिळाऊ होता, असं ते बोलले. कष्टाळू ठीक आहे. मनमिळाऊ तुम्ही कधी होता? तुम्ही हट्टी होता, खवचट होता, चहात चार चमचे साखर घालून वर "फिका हाये" म्हणणारे होता. सहा वर्षं मी तुमच्याशी भांडले आहे. भांडायला समोर माणूस नसला की दिवस किती मोठा होतो, हे मला आता कळतं आहे.

पहिलं भांडण तर मी आले त्याच आठवड्यातलं. मी जाफराबादची, डिप्लोमा करून जालन्यात खोली घेतलेली, आणि शेठनी मला तपासणीच्या टेबलावर बसवलेलं. नग उचलायचा, बघायचा, पास किंवा नापास म्हणायचं, एवढंच माझं काम. आणि तुम्ही मंठ्याचे, निम्मं आयुष्य प्लास्टिकच्या मशीनवर घालवलेले. भंगारबाजारातून एका मोडक्या प्लास्टिक मशीनचा सांगाडा आणून त्याच्यातून काच ओतायचं यंत्र करायचं तुमच्या डोक्यात आलं होतं. तोपर्यंत आपल्याकडे हातप्रेस होती. सळईने वितळलेल्या काचेचा गोळा उचलायचा, उघड्या साच्यात टाकायचा, वरून दाबायचा. ट्रॅक्टरच्या दिव्यांची भिंगं अशीच निघायची, एक जाड, एक पातळ. तुम्ही म्हणालात, साचा बंद ठेवायचा आणि खालून दट्ट्याने काच आत ढकलायची, सुईतून औषध ढकलतात तशी. सगळे हसले होते. इंजेक्शन म्हटल्याबरोबर पोरांनी यंत्राचं नाव 'डॉक्टर' ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की शेठसुद्धा फोनवर "आज डॉक्टर बंद आहे" म्हणायला लागले.

डॉक्टरची पहिली भिंगं माझ्या टेबलावर आली आणि मी सगळीच्या सगळी नापास केली. आत बुडबुडे होते. तुम्ही हात पुसत आलात.

"काय झालं मॅडम?" तुम्ही चिडलात की मी मॅडम व्हायचे आणि शांत असलात की ताई.

"बुडबुडे आहेत. साचा नीट बसत नाही तुमचा. घट्ट करा."

"घट्ट केल्यानंच झालं ना ते. आत हवा भरलेली हाये. काच आत आल्यावर तिनं जायचं कुठं? रस्ता ठेवा लागंल तिला."

"फट ठेवली तर कडेला पापुद्रा येईल."

"पापुद्रा घासून निघतो. बुडबुडा न्हाई निघत."

तीन महिने हे चाललं. तुम्ही बारीक कानशीने साच्याच्या ओठावर केसाएवढ्या रेघा पाडायचात, मी कडेच्या पापुद्र्यावर बोट ठेवून नग परत पाठवायचे. "प्लास्टिक नौकर असतंय ताई," तुम्ही म्हणायचात, "दाबलं तिकडं जातं. काच मालकीन हाये. तिच्या कलानं घ्या लागतं." शेवटी एक दिवस भिंग असं निघालं की त्यातून मला माझ्या तळहाताच्या रेषा दिसल्या. बुडबुडा एकही नव्हता. मी नुसतं "पास" म्हटलं आणि पुढचा नग उचलला. तुमचं बरोबर होतं, हे शब्द मी तेव्हा बोलले नाही. आज बोलते. तुमचं बरोबर होतं.

पण मला लिहायचं आहे ते वेगळंच. मी आडवळणाने जाते आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही अशा वेळी कानस खाली ठेवून नुसते बघत बसायचात.

साच्यातून निघालेली काच वरून कडक झाली तरी आतून अजून पेटलेली असते. ती तशीच उघड्यावर गार झाली तर तिच्यात ताण राहतो. दिसायला भिंग छान असतं, पण चार दिवसांनी किंवा महिन्याने, कोणी हात न लावता, जागच्या जागी फुटतं. म्हणून सगळा माल निववायच्या भट्टीत जायचा आणि दीड दिवस हळूहळू निवायचा. आपली ती भट्टी विटांची, जुनी. दार लावलं की चारी कडा चिकणमातीने लिंपून घ्यायच्या आणि ज्याने लिंपलं त्याने ओल्या मातीत आपला अंगठा उमटवायचा. ज्याचा अंगठा, त्यानेच दार उघडायचं. हा नियम तुम्हीच घालून दिलेला. नोंदवहीत लिहू असं मी म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "वहीत कोनीबी लिहितं. अंगठा दुसऱ्याचा न्हाई आनता येत." दार उघडायची वेळ झाली की तुम्ही हातोडीने माती ठोकायचात, ती खळाखळा पडायची आणि आम्ही चहा सोडून माल बघायला धावायचो.

तो डिसेंबर आठवतो ना? आठवतोच तुम्हाला. आदल्या दिवशी पहाटेच तुम्ही मोठा माल लावून दार लिंपलं होतं आणि सांगितलं होतं, उद्या चारला उघडू, त्याच्या आधी बिलकुल न्हाई. सकाळी सात वाजता मी आले तेव्हा शेडमध्ये फक्त मी होते. दहा वाजता नव्या गिऱ्हाइकाचा माणूस यायचा होता, आधीचा चांगला माल सगळा गेलेला होता आणि त्याला दाखवायला माझ्याजवळ नापास केलेले बुडबुड्यावाले नग सोडून काही नव्हतं. मला त्याला डॉक्टरचं काम दाखवायचं होतं. खरं सांगू? तुमचंच काम दाखवायचं होतं, मिस्त्री. पण त्यात माझीही ऐट होती, की बघा, आमच्याकडे काय निघतं.

मी माती फोडली. तीन भिंगं काढायला किती वेळ लागतो, असं वाटलं होतं. चिमटा पोचेना. दार अर्धं उघडून मी आत वाकले, बाहेरची थंडी माझ्या पाठीवरून भट्टीत शिरत होती आणि माझं लक्ष चिमट्याच्या टोकाकडे. दहा-पंधरा मिनिटं तरी दार उघडं होतं. मग मी बादलीतली माती कालवली आणि कडा परत लिंपल्या. आणि वेडेपणा बघा, लिंपून झाल्यावर मी अंगठा उमटवला. माझा. चोरून केलेलं काम, पण हाताला सवय, दार लिंपलं की अंगठा. लहानपणी विळ्याने कापलेला माझा अंगठा, त्याच्यावरच्या आडव्या खुणेसकट. उमटवल्यावर दचकले, पण पुसायला गेले तर माती गरम दारावर केव्हाच सुकली होती.

दहाला तो माणूस आला, भिंगं उजेडाला धरून खूष झाला, संध्याकाळी टेम्पो पाठवतो म्हणाला.

चारला तुम्ही दारापाशी आलात. मी दहा पावलांवर, हातात वही. तुम्ही हातोडी उचलली आणि परत ठेवली. खिशातून चाकू काढला, माझ्याकडे पाठ करून काहीतरी कोरून काढलंत, मग बाकीची माती ठोकली. आज चाकू कशाला, एवढं माझ्या मनात येऊन गेलं आणि मी ते मनातून घालवलं. माल बाहेर आला. तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "ताई, आज पुढची रांग बी बघून घ्या."

माझ्या टेबलावर दोन काळ्या काचा असतात. त्यांच्यामध्ये भिंग धरलं की नीट निवलेलं भिंग काळंच दिसतं. ताण असेल तर त्याच्यात रंग उमटतात, पाण्यावर तेल सांडल्यासारखे. दाराजवळची रांग त्या काचांमध्ये धरली असती तर सगळं मला तिथल्या तिथे कळलं असतं. आणि मला कळलं असतं म्हणजे सगळ्यांना कळलं असतं. मी म्हणाले, "माझं काम मला शिकवू नका मिस्त्री." मागच्या रांगेतली पाच भिंगं उचलली. मुद्दाम मागच्या. पाचही काळी दिसली. मी "पास" लिहिलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. आईलाही नाही.

भिंगं गिऱ्हाइकाच्या कारखान्यात फुटली. काही खोक्यातच, काही दिव्यात बसवल्यावर. एक तर एका माणसाच्या हातात फुटलं, तळहाताला टाके पडले. शेठ आले ते गाडीचं दार उघडं टाकूनच आत आले. "भट्टी लवकर कोणी उघडली?" मी तोंड उघडणार होते, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आले. खरंच उघडणार होते का, मला माहीत नाही. तुम्ही म्हणालात, "मी उघडली. जल्दी झाली माझी." शेठचा विश्वास बसेना. "तुम्ही? मिस्त्री, तुम्ही?" "माझाच अंगठा होता ना दारावर," तुम्ही म्हणालात. तुमच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकच खोटं.

तुम्हाला डॉक्टरवरून काढलं. स्वतःच्या हाताने उभं केलेल्या यंत्राला हात लावायचा नाही आणि समोर जुन्या हातप्रेसवर बसायचं, अशी शिक्षा. शेठनी तुमच्यावर मेहरबानी केली, असं लोक म्हणाले. मी टेबलावर होते तिथेच राहिले. दुसऱ्या वर्षी मला शेडची मुख्य केलं.

आणि भट्टीपाशी तुमच्या नावाची म्हण निघाली. कोणी घाई करायला लागलं की म्हणायचे, "दम धर, न्हाईतर बशीर होईल." माल तडकला की, "बशीर झाला." आष्टीहून नवीन आलेल्या माणसांना तर बशीर नावाचा कोणी समोर हातप्रेसवर बसलाय, हेही ठाऊक नसायचं. तुम्ही ऐकायचात. तुमचा हात थांबायचा नाही. एकदा घाईत माझ्याच तोंडून निघून गेलं. "अरे, बशीर करता का काय!" बोलले आणि तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही गोळा साच्यात टाकलात, दाबलात, उचललात. त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

माझा तुमच्याशी एक वाद उरला आहे आणि तो मी सोडणार नाही. अंगठा तुम्ही पाहिला होता. दार उघडलं गेलंय हे तुम्हाला कळलं होतं. मग टेम्पो का अडवला नाहीत? पुढची रांग स्वतः का बाजूला काढली नाहीत? एवढ्या मोठ्या माणसाने एका वाक्यात इशारा करून गप्प बसायचं? माझ्यावर विश्वास टाकलात, असं म्हणाल. तो टाकायला नको होता. त्या माणसाच्या तळहाताला टाके पडले त्यात थोडा वाटा तुमचाही आहे. रागावू नका. तुम्ही असता तर "हाये, बराबर हाये" असंच म्हणाला असता आणि मला आणखीनच रडू आलं असतं.

दिवाळीनंतर तुमचा दमा वाढला आणि तुम्ही यायचे थांबलात. मी मोसंबी घेऊन घरी आले होते. तुमच्या बायकोने, हाजराभाभींनी, खुर्ची दिली. तुम्ही उशीला टेकून बसलेले, गालफडं बसलेली, तरी विचारलंत काय, तर, "डॉक्टर काय म्हन्तो?"

"बरा आहे. तुमची आठवण काढतो."

"दट्ट्या घासला असंल. दोन वर्सं झाले, कोनी बदलला न्हाई. मी तिकडून बघून राह्यलो होतो ना." मग तुम्ही थोडा वेळ श्वास गोळा केलात. "अजून काही, ताई?"

मी म्हणाले, नवीन विजेची भट्टी येणार आहे, तिचं दार आपोआप बंद होतं, माती लागत नाही. तुम्ही ऐकलंत. परत म्हणालात, "अजून काही?" आणि थांबलात. भाभी आत होत्या. खोलीत आपण दोघंच. त्याहून मोकळं दार तुम्ही माझ्यासाठी काय ठेवायचं? मी पिशवीची घडी घातली आणि म्हणाले, "येते मी. मोसंबी खा." तुम्ही म्हणालात, "या मंग."

तेच शेवटचं.

विसाव्या दिवशी भाभींनी बोलावलं. तुमच्या हत्यारांच्या पेटीतून एक बिस्किटाचा डबा काढला, त्यात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. "हे तुमचं हाये म्हने. ते म्हनले होते, ताईची अमानत हाये, ती मागायला येईल तवा दे. तुम्ही आले न्हाई, अन् आता तेच गेले. घरात किती दिवस ठेवू?"

गल्लीच्या तोंडाशी येऊन मी कापड सोडलं. मातीचा तुकडा. त्याच्यात अंगठा, आडव्या खुणेसकट. दारावरची माती नुसती सुकलेली असते, हाताळली की भुगा होतो. ही तांबडीलाल होती, आरपार भाजलेली. म्हणजे तुम्ही नंतर कधीतरी ती भट्टीच्या तोंडाशी ठेवून विटेसारखी पक्की करून घेतली होती. टिकावी म्हणून. मी मागायला येईन तोपर्यंत टिकावी म्हणून. तीन वर्षं तुम्ही माझी वाट बघत होता, मिस्त्री, आणि मी तुम्हाला मोसंबी आणून दिली.

त्या दिवशी मी भाभींना काही सांगितलं नाही. तुकडा घेऊन खोलीवर आले. भित्रेपणा एका दिवसात जात नाही.

काल सकाळी शेडमध्ये माल लावणं चाललं होतं. कोणीतरी भट्टीचं दार जोरात ओढलं आणि ज्ञानोबा ओरडला, "हळू रे! बशीर करतो का?" मग स्वतःच जीभ चावून म्हणाला, "माफ करा मिस्त्री." सगळे हसले, तसं प्रेमानेच. मी टेबलावरून उठले. तुकडा माझ्या पर्समध्ये होता, रोज असतो. शेठही तिथेच उभे होते. मी तो ज्ञानोबासमोर धरला आणि त्या खड्ड्यात माझा अंगठा ठेवला. बरोबर बसला. "त्या दिवशीचा आहे," मी म्हणाले. "भट्टी मी उघडली होती. पुढची रांग मी मुद्दाम तपासली नाही. मिस्त्रींनी दाराला हात लावला तो चारला."

ज्ञानोबाने तुकडा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला. शेठ म्हणाले, "माणूस गेला. आता सांगून काय उपयोग, सुमनताई?" ज्ञानोबा माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते असताना सांगायचं होतं ताई." आणि कामाला लागला.

संध्याकाळी भाभींकडे गेले. उंबऱ्यावरच सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. वाटलं होतं दार लावून घेतील. त्या भिंत धरून खाली बसल्या. "त्यांचा अंगठा न्हाई हे मला डबा उघडला तवाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तीस वर्सं तो हात पाह्यला मी. एवढा लहान अंगठा न्हाई त्यांचा." मग विचारलं, "कारखान्यात सांगितलं?" मी हो म्हटलं. "सगळ्यांसमोर?" हो म्हटलं. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि कितीतरी वेळ रडल्या. चहा दिला नाही, आणि मी मागावा असं माझं तोंडही नव्हतं.

आज सकाळी मी नेहमीसारखी टेबलावर बसले. माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. दुपारी भट्टीचं दार लिंपून झालं, ज्ञानोबाने अंगठा उमटवला, आणि आष्टीचा एक नवा माणूस उगाच दाराशी वाकून बघायला लागला. मी मागे आहे हे ज्ञानोबाला ठाऊक नव्हतं.

"दूर हो तिथून," तो म्हणाला. "न्हाईतर सुमनताई होईल."

मिस्त्री, तुमचं नाव सुटलं.